डावीकडचं माउंटिंग

आमची गाडी अठरा वर्षांची आहे. वडिलांनी घेतली होती, ते गेल्यापासून मी चालवते. मी अमरावतीला तंत्रनिकेतनात मशीनचे विषय शिकवते, त्यामुळे गाडीचं लहानसहान काम साईनगरातल्या घरासमोरच्या फरशीवर स्वतःच करते.

जानेवारीत आई मोर्शीच्या घरी पायरीवरून पडली आणि तिच्या कण्याचा एक मणका दबला. तिला मी माझ्याकडे आणलं. अकोल्याचे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी बोलावत. आई माझ्या मागे, उजवीकडे बसायची आणि डाव्या सीटवर पाय लांब करायची. प्रत्येक खड्ड्याला मागून टक्‌ असा आवाज यायचा आणि आई दात दाबून धरायची. आरशात मला ते दिसायचं.

मागच्या शॉकअपची माउंटिंग गेली होती. स्प्रिंग आणि शॉकअप वर जिथे बॉडीला टेकतात, तिथलं रबर. बडनेरा रोडवरच्या मोतीराम मेकॅनिककडून दोन नवी आणली, स्प्रिंग आवळायचा शिकंजाही त्याच्याकडूनच घेतला आणि एका रविवारी सकाळी कामाला बसले. उजवं रबर अठरा वर्षांत व्हावं तसंच झालं होतं, चिरा पडलेलं, कडक. डावं मात्र भाकरीसारखं चपटं होऊन लोखंडाला चिकटलं होतं. ते पान्याच्या टोकानं खरवडून काढावं लागलं.

नवी बसवली. चाकाच्या कमानीपासून फरशीपर्यंत टेप लावला. दोन्ही बाजूंना साडेत्रेसष्ट सेंटिमीटर. जीव थंडावला.

पुढच्या फेरीला अकोल्यापर्यंत एकही आवाज आला नाही. परतल्यावर गाडी उभी केली आणि कुलूप लावताना दिसलं, डावी बाजू खाली झुकली होती. टेप लावला. एकसष्ट. दुसऱ्या दिवशी साठ.

कॉलेजातही मला स्वस्थ बसवेना. दोन तासांच्या मधे पार्किंगमध्ये जाऊन मोजायचे. टायरमधली हवा पाहिली, स्प्रिंग पाहिली. शेवटी माउंटिंग उघडलं. आठ दिवसांचं रबर चपटं झालं होतं.

मोतीरामनं ते हातात घेऊन बराच वेळ उलटंपालटं केलं.

"ताई, डाव्या बाजूले कोण बसते?"

"कोणीच नाही. आई उजवीकडे बसते."

"असं कसं? हे एका दिवसाचं काम नाही. कोणीतरी बसूनच राह्यते, उतरतच नाही, तवा असं होते." मग त्यालाच कसंतरी वाटलं असावं. दुसरं रबर माझ्या हातात देत म्हणाला, "माल खराब आला असन. हे लावून पाहा."

तोवर चपटंच परत बसवलं होतं, आणि नवं लावण्याआधीच अकोल्याची तारीख आली. त्या दिवशी आईनं पाय खालीच सोडले होते. बॅगही मांडीवर धरलेली. बोरगावच्या अलीकडे मी आरशात पाहिलं, तिचा चेहरा दुखण्यानं आवळला होता.

"आई, पाय वर घे ना."

"घेतले असते. जागा कुठी हाय?"

मी वळून पाहिलं. डावी सीट रिकामी होती. खिडकीतून आलेलं ऊन सीटच्या कापडावर सपाट पडलं होतं.

"कोण आहे तिथं?"

"समोर पाहून चालव," आई म्हणाली.

येताना पूर्ण रस्ता तिनं पाय खालीच ठेवले.

पुढच्या रविवारी दुपारी मी डावं माउंटिंग पुन्हा बदललं. चाक चढवलं, जॅक काढला, टेप लावला. साडेत्रेसष्ट. खालचा बोल्ट एकदा तपासावा म्हणून मी फरशीवर आडवी झाले आणि डोकं चाकाच्या मागून आत घातलं. दारं बंद होती. किल्ली माझ्या खिशात होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फरशी तापली होती, ग्रीसचा वास येत होता. स्प्रिंग माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होती.

तिचा खालचा वेढा दबला.

मग त्याच्या वरचा.

पोतं टाकल्यावर दबते तशी नाही. गुडघ्यावर हात ठेवून वयस्क माणूस सावकाश टेकतं, तशी. वरून नव्या रबराचा बारीक कुरकुर आवाज आला. गाडीची कड खाली आली आणि माझ्या कानाला लागली.



वर सीट करकरली. कोणीतरी नीट सरकून बसलं.

कान खरचटून घेत मी बाहेर निघाले. काचेतून पाहिलं. आत कोणी नव्हतं.

आई काठी टेकत दारात आली होती. तिनं आधी माझा कान पाहिला, मग गाडी.

"कुलूप काढ," ती म्हणाली.

मी काढलं. आईनं डावीकडचं मागचं दार उघडलं आणि वाट देत बाजूला उभी राहिली.

"उतरा आता," ती आदरानं, पण थकलेल्या आवाजात म्हणाली. "पोरीले लागलं. तिले नका त्रास देऊ. माह्यासंगं चला."

गाडी वर आली. मी टेप लावला नाही. डोळ्यांनीच दिसत होतं.

आई घरात गेली. आली त्यापेक्षा हळू.

त्यानंतर गाडी सरळ उभी राहते. टक्‌ आवाज नाही, डावं रबर शाबूत आहे. आईनं पुन्हा सीटवर पाय लांब केले. मी बरंच विचारलं, पण ती प्रत्येक वेळी विषय बदलते. मीही माल खराब होता असं स्वतःला सांगून पाहिलं.

परवा अकोल्याला नर्सनं आईला वजनकाट्यावर उभं केलं. मागच्या वेळी एक्कावन्न किलो भरली होती. आकडे पळाले आणि एकशे सतरावर थांबले.

"मशीन बिघडली वाटते," नर्स म्हणाली आणि तिनं मला चढायला लावलं. माझे छप्पन्न. बरोबर. आई पुन्हा चढली. पुन्हा एकशे सतरा.

"असू द्या." नर्सनं कागदावर एक्कावन्नच लिहिलं. "उतरा मावशी."

आई उतरली. दोन पावलं पुढे गेली आणि मागे वळून थांबली.

काट्यावर सहासष्ट होते. मग, सावकाश, शून्य.