हौसाचं विरजण

आमच्या नवीन पनवेलच्या घरात दही कधी धड लागलं नाही. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात माझी बायको नीता कंटाळली आणि दूध घालायला येणाऱ्या सुकापूरच्या भामाकडून तिने वाटीभर विरजण मागून घेतलं.

"माज्या आयचं हाय," भामा म्हणाली. "हौसा आय गेली औंदा, पन विरजण तुटू दिलं नाय."

दही असं लागलं की सुरीने वड्या पाडाव्यात. आमची पाच वर्षांची रेवा रोज दोन वाट्या चापायची.

आठवड्याभराने रेवा बाहेरून आली, उंबऱ्याशी थांबली, फ्रॉकची कोरडी कड दोन्ही हातांनी पिळली आणि मगच आत आली. मी हसलो. पोरांचे खेळ! पण मग ती रोजच तसं करू लागली. एका सकाळी भामाने ते पाहिलं आणि तिच्या हातातलं माप खाली पडलं.

"आय मिठागरातून आली का अशीच लुगडं पिळायची. जासईला. ह्या पोरीनं तिला कदी बगितली?"

नीता देवऋष्याकडे जाऊ म्हणाली. मी विज्ञानाचा मास्तर, तिच्यावरच डाफरलो. शाळेत मात्र माझे सहकारी चारुदत्त कुलकर्णींना गाठलं. ते बौद्ध तत्त्वज्ञान शिकत होते. घरचं काही न सांगता विचारलं, "बौद्ध आत्मा मानत नाहीत, मग पुनर्जन्म होतो कोणाचा?"

"दुधाचं दही होतं, तेव्हा दुधातून उठून कोणी दह्यात जातं का?" ते म्हणाले. "एकामुळे दुसरं होतं, बस. दही म्हणजे तेच दूध नाही आणि अगदी वेगळंही नाही."

दुसरा कुठलाही दाखला चालला असता. शिरलेलं भूत उतरवता येतं म्हणतात. दह्याचं दूध कोण करून देणार?

दुपारी घरी येऊन दही मोरीत ओतलं. भांडं राखेने घासलं.

मागे वळलो. रेवा उंबऱ्यात उभी.

मी गुडघ्यांवर बसलो. "तू माझी रेवाच ना गं?"

"नाय."

"मग... हौसा?"

तिने जरा विचार केला.

"नाय."

आणि फ्रॉकची कड पिळली. या वेळी लादीवर पाणी ठिबकलं.

ते वाळलं, तेव्हा तिथे मीठ होतं.