टर्बोवर पाण्याचा फवारा

कापूरहोळला, हायवे सोडून भोरकडं वळलं की लगेच मुबारकभाईंचं गॅरेज लागतं. एप्रिलमधल्या एका रणरणत्या दुपारी त्यांची मुलगी अम्रीन टेम्पोखाली आडवी पडून ऑइल काढत होती. तेवढ्यात रस्त्यावरून एक गाडी आली, आणि तिच्या बोनेटखालून आवाज आला... पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा.

"बंद करा ती!" अम्रीन टेम्पोखालूनच ओरडली. "पिस्टन फोडायचाय का?"

गाडी थांबली. दोन बूट टेम्पोपाशी आले. मग एक चेहरा खाली वाकला. घामेजलेला, तरीही हसणारा.

"तुम्ही तर गाडी बघितलीसुद्धा नाही."

"कान आहेत मला."

हा फिरोज. भोरचा. शेतांवर सौर पंप बसवायचं काम करायचा. गाडी मात्र जिवापाड जपलेली, टर्बोची, आणि पुण्यातल्या कुणीतरी तिच्या टर्बोचा दाब वाढवून दिलेला. थंडीत ती वाऱ्यासारखी पळायची, उन्हाळ्यात खडखडायची. आणि तीन आठवड्यांनी त्याला वेल्ह्याकडं, हौशी गाडीवाल्यांच्या चढणीच्या शर्यतीत उतरायचं होतं.

"टर्बो हवा कोंबतो," अम्रीन हात पुसत म्हणाली. "कोंबलेली हवा तापते. त्या तापलेल्या हवेत पेट्रोल नको तिथं, नको तेव्हा पेटतं. तोच हा आवाज. एक तर दाब कमी करा, नाहीतर आत जाणाऱ्या हवेवर पाणी आणि मिथेनॉल फवारून ती गार करू."

"इंजिनात पाणी?"

"धुक्यासारखं. बादलीनं नाही!"

तो तिच्याकडं बघतच राहिला. "तुमच्या कपाळावर ग्रीस—"

"माहितीये मला," ती म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

अम्रीननं पुण्यात दोन वर्षं हेच काम शिकून घेतलं होतं, पण गावाकडं परतल्यावर असलं काम घेऊन आलेला हा पहिलाच. अब्बा म्हणायचे, "पोरी, लोकं हितं क्लच टाकायला येत्यात, फवारे मारायला न्हाई." हे काम नीट झालं, तर शिरवळचे दोघं हौशी गाडीवाले आपल्या गाड्या तिच्याकडंच देणार होते. बिघडलं, तर जन्मभर क्लचच.

आठ दिवस ती राबली. डिकीत टाकी, टाकीखाली पंप, हवेच्या पाइपात बारीक नोझल. सगळ्यात जीव ओतला तो सुरक्षेत. टाकीतलं पाणी संपलं किंवा एखादी वायर जरी सुटली, तरी टर्बोचा दाब आपोआप उतरायचा आणि स्टिअरिंगसमोर लाल दिवा लागायचा.

"दिवा लागला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. वाद घालायचा नाही. आणि टाकी भरताना हातमोजे. मिथेनॉल विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात."

"डोळे तर माझे आधीच—"

"पुढं बोललात तर पाना फेकून मारीन."

गाडी नेल्यावर तिसऱ्याच दिवशी तो हजर. दिवा लागतोय म्हणाला. अम्रीननं डिकी उघडली. टाकीमागची वायर सैल झालेली. तिनं ती बसवली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. चौथ्या खेपेला तर द्रोणभर करवंदंसुद्धा घेऊन आला... आणि वायर सैलच!

"हसताय काय?" ती वैतागली.

"मी कुठं हसतोय? चेहराच तसा आहे माझा."

"मग तो तिकडं करा."

त्यानं तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

अम्रीननं जोड बदलला, वायर घट्ट धरून ठेवणारी नवी दातेरी चिमटी लावली. तरी पाचव्यांदा तो आलाच. जेवताना घास हातात असायचा आणि डोळ्यांपुढं तीच वायर. हात माझेच कच्चे, पुण्यात काय शिकले मी... अब्बा गालातल्या गालात हसायचे आणि तिला त्यांचाही राग यायचा.

शर्यतीचा रविवार उजाडला. वेल्ह्याकडच्या डोंगरात एका खाजगी वसाहतीचा बंद रस्ता, सात वळणं, एका वेळी एकच गाडी. शिरवळचे दोघंही आले होते. अम्रीन वर, शेवटच्या वळणापाशी उभी राहिली.

फिरोजची गाडी खालून सुटली. पहिली चार वळणं नुसता आवाज, भरीव, स्वच्छ. खडखडाटाचा मागमूस नाही. अम्रीनला हसू आवरेना. मग आवाज एकदम पडला... आणि बंदच झाला.

मिनिट गेलं. दुसरं गेलं. गाडी काही दिसेना. रस्त्याच्या एका अंगाला दरी होती.

अम्रीन उतारानं पळत सुटली.

पाचव्या वळणावर गाडी कडेला नीट लावलेली होती. फिरोज बाहेर उभा होता. "दिवा लागला," तो म्हणाला, "म्हणून पाय काढला."

धापा टाकत तिनं डिकी उघडली. तीच वायर. या वेळी तिनं चिमटी निरखून बघितली. धक्क्यानं सुटली असती तर तिचा दात मोडला असता. दात शाबूत होता. अम्रीन हळूहळू वळली.

"तुम्ही रोज पंपांच्या वायरी जोडता. ही एक तुम्हाला पाच वेळा जोडता आली नाही?"

फिरोजचा चेहरा पडला. "काल सैल करून तुमच्याकडं निघालो होतो... गॅरेज बंद होतं. परत लावली, पण नीट बसली नसावी."

"म्हणजे दर वेळी तुम्हीच?"

"नाहीतर गॅरेजला यायला कारण काय सांगायचं?"

"मी स्वतःला मूर्ख समजत होते! दहा दिवस!"

त्यानं डिकीत वाकून वायर घट्ट बसवली.

वर आल्यावर शर्यत भरवणाऱ्या मंडळाचा सार्थक माईकवरून म्हणाला, "घरगुती किट हो, दुसरं काय होणार?" लोक हसले. शिरवळच्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. अम्रीननं मान खाली घातली. तेवढ्यात फिरोजनं सार्थकच्या हातातून माईक घेतला.

"किट चोख आहे," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "वायर मीच सैल केली होती. एकदा नाही, सहा वेळा. ज्यांनी बसवून दिली त्यांना भेटायचं होतं म्हणून. वायर सुटली तरी इंजिन शाबूत आहे, ते त्यांच्या कामामुळं. गाढव मी आहे."

शिट्ट्या वाजल्या. अम्रीनला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण शिरवळचे दोघं सरळ तिच्याकडं आले आणि विचारू लागले, "ताई, आमचं कधी धरता?"

निघताना ती फिरोजला एवढंच म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी या. गाडी न आणता."

शुक्रवारी तो भोरहून एसटीनं आला. पाऊण तास उशिरा. तेवढ्या वेळात तिनं तीनदा हात धुतले होते आणि तीनदा स्वतःवरच चिडली होती. दोघं शेजारच्या टपरीवर चहाला बसले. अब्बा उगाचच गॅरेजचं शटर पुसत होते.

"बोला," ती म्हणाली.

"गाडीशिवाय मला... काही सुचत नाही."

"मग ऐका. त्या दिवशी तुमच्या गाडीचा आवाज बंद झाला आणि मी पळाले. अर्धं किलोमीटर. एका पायातली चप्पल कुठं गेली तेही कळलं नाही. आणि तेवढ्या वेळात इंजिनाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही." तिचा आवाज कापला, म्हणून ती आणखीच चिडली. "एकदाही नाही! मला हे अजिबात आवडलेलं नाही, सांगून ठेवते."

फिरोजनं बाकावर ठेवलेल्या तिच्या बोटांशेजारी आपला हात ठेवला... न टेकवता, इंचभर अंतर ठेवून.

"आता काय, मीच सरकवू?" अम्रीन म्हणाली, आणि तिनं हात सरकवला.