नंतरची भर

ताईच्या स्वयंपाकघराची भिंत खरवडायला धाकटी स्टुलावर चढली, तेव्हा ताईने आधी सगळी भांडी झाकून घेतली आणि मगच तोंड उघडलं.

"पालिकेची माणसं घरं पाडायला येतात हे ऐकून होते. भिंती सोलायलाही येतात हे तुझ्यामुळे कळलं."

"घरं पाडू नयेत म्हणूनच सोलतेय. जरा गप्प बस, पातं निसटेल."

धाकटी पालिकेच्या वारसा विभागात पाहणी अधिकारी होती. जुन्या भिंतीवर तळहाताएवढा चौकोन आखायचा, धारदार पात्याने रंगाचा एकेक थर उतरवायचा आणि कुठला थर कधीचा ते ठरवायचं, हे तिचं सगळ्यात आवडतं काम. या भिंतीबद्दल तर तिला विचारावंही लागत नव्हतं. वरचा पिवळा रंग ताईची मुलगी रांगायला लागली तेव्हा दिलेला. त्याखाली काजळी धरलेला हिरवा, मग निळा, आणि तळाशी चुना.

ती मुलगी आत्ता स्टुलाच्या पायाला लटकून वर बघत होती. सतत कशावर तरी चढलेली असायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. गल्लीत सगळा म्हाताऱ्यांचाच भरणा. लहान मूल म्हणजे ही एकटी, त्यामुळे लाडही सगळ्या गल्लीने मिळून केलेले.

"मावशी, आपलं घर वाचणार ना?"

"वाचणार. मी कशाला आहे?"

उगाच दिलेला धीर नव्हता तो. एका बिल्डरला ती सबंध गल्ली हवी होती. लाकडी सज्ज्यांच्या त्या दुमजली घरांच्या जागी त्याला उंच इमारत उभी करायची होती, आणि गल्लीतले बरेच जण त्याच्या गळाला लागलेही होते. भावजी अडून बसले होते. तळमजल्यावर त्यांचं वेताच्या खुर्च्या विणायचं दुकान होतं, ते गेलं तर या वयात जायचं कुठे, हा त्यांचा साधा सवाल. गल्ली संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाली, तरच बिल्डरला हात चोळत बसावं लागणार होतं. म्हणून धाकटीने हा प्रस्ताव जीव ओतून केला होता.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी प्रस्ताव चाळला आणि ताईच्या घराच्या मागच्या बाजूच्या छायाचित्रावर बोट ठेवलं.

"मॅडम, ही पत्र्याची खोली कुठून उगवली?"

खोली भावजींनी बांधली होती, मुंगी होणार म्हणून. धाकटी म्हणाली, "ती अलीकडची आहे, सर."

"आणि तुम्ही संदर्भवर्ष धरलंय खोलीच्या नंतरचं. म्हणजे हा पत्राही आपला वारसा."

बैठकीत हशा पिकला. प्रत्येक संरक्षित क्षेत्राला असं एक वर्ष ठरवून द्यावं लागे. त्या वर्षापर्यंत जे होतं ते मूळ, त्यानंतर आलं ते सगळं 'नंतरची भर'. जपायचं ते मूळ.

"वर्ष खोलीच्या मागे न्या," अध्यक्ष म्हणाले. "गल्लीचं रूप तोवर अखंड होतं, हे तुम्हीच लिहिलंय. नाहीतर बिल्डरचा वकील पहिल्यांदा त्या पत्र्यावरच बोट ठेवेल."

"पण खोली पाडावी लागणार नाही ना?"

"छे. भर पाडायची नसते. ती फक्त धरायची नसते."

धाकटीने तिथेच आकडा खोडला आणि मागचं वर्ष घातलं. प्रस्ताव मंजूर झाला. तिचा जीव भांड्यात पडला, आणि घरी जाताना तिने मुंगीसाठी रंगीत खडूंचा डबा घेतला.

गल्लीच्या तोंडाशी पितळी पाटी लागली, आणि काही दिवसांनी धाकटी पाहणीला गेली. पाटीपाशीच तिची पावलं थबकली. पाटीच्या अलीकडे डांबर होतं, पलीकडे दगडी फरशी. डांबर उखडून फरशी मोकळी करायची, असं तिने सुचवलं होतं खरं, पण पालिकेचं कुठलंही काम इतक्या लवकर झालेलं तिने नोकरीत पाहिलं नव्हतं. ती वाकली. फरशीच्या सांध्यांत शेवाळ दाटलं होतं, आणि डांबराचा एक कणही कुठे नव्हता.

शिंपीकाकांच्या दुकानाला काचेचा दरवाजा होता. आता तिथे लाकडी फळ्या होत्या.

"काका, काच काढलीत? बरं केलंत."

"काच?" शिंपीकाका हसले. "आपल्याकडे कधी होती काच?"

थट्टा असेल म्हणून तीही हसली. काका उठले आणि कापडाचा तागा काढायला शिडीवर सरसर चढले. बाथरूममध्ये पडल्यापासून ते काठीशिवाय चालत नसत. धाकटीने काठी शोधायला इकडे तिकडे पाहिलं. काठी कुठेच नव्हती.

ताईच्या घरी जिन्यातच मुंगी भेटली. दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. चढलेली नाही, लटकलेली नाही, नुसती बसलेली मुंगी धाकटीने आजवर पाहिली नव्हती.

"बरं नाही का गं?"

"बरंय." मग हळूच म्हणाली, "मावशी, आई मला सारखी विसरते. काल तिने दोनच ताटं वाढली."

"कामाच्या गडबडीत होतं असं."

"माझ्याकडे बघून वाढली," मुंगी म्हणाली.

धाकटी स्वयंपाकघरात गेली. भिंत हिरवी होती, काजळी धरलेली. तिने स्वतः खरवडलेला चौकोन स्टूल ठेवून, हाताने चाचपून शोधला. चौकोन नव्हता. पिवळ्याचा मागमूस नव्हता. नखाने टवका काढला, तर हिरव्याखाली निळा आणि निळ्याखाली चुना. कुणी पुन्हा रंग दिला असता, तर पिवळा खाली सापडायला हवा होता. रंग वरून चढवता येतो, मधून काढता येत नाही, एवढं तिला तिच्या कामाने शिकवलं होतं.

तिने दुसरीकडे टवका काढायला घेतला.

"काय शोधतेस?" मागून ताई आली. हातात ओल्या कपड्यांची बादली होती. "सरक जरा, वाळत घालते."

ताईने मागच्या खोलीचं दार उघडलं. दारापलीकडे मोकळं अंगण होतं. धुण्याचा दगड, दोरी, वर आभाळ. दगड ओला होता.

"ताई, खोली?"

"कुठली खोली?"

"मुंगीची. भावजींनी बांधलेली."

ताई चिमटे लावत राहिली. पांढरे होत चाललेले तिचे केस काळेभोर होते. धाकटीची नजर तिच्या मनगटावर गेली. मुंगीच्या दुधाचं पातेलं उतरवताना तिथे भाजलं होतं, चांगला रुपयाएवढा डाग होता. मनगट स्वच्छ होतं.

"तुझं काहीतरी भलतंच चाललंय आज," ताई म्हणाली. "जेवून जा. आम्ही दोघंच आहोत, तू आलीस की बरं वाटतं."

जिन्यात मुंगीने हे ऐकलं होतं. ती रडली नाही. दप्तर तिने अजून घट्ट धरलं.

धाकटीने तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. संदर्भवर्ष बदलायचंय, म्हणाली. नाहीतर प्रस्तावच मागे घेते.

"अहो, अंतिम सही झाली म्हणून तर पाटी लागली. आणि मागे घेऊन घर बिल्डरच्या घशात घालायचंय का? तुमच्याच बहिणीचं ना?"

"जाऊ दे घर."

"काय झालं काय, मॅडम?"

तिने फोन बंद केला. एका पोराला 'भर' कुणी ठरवलं, तर तिनेच. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येण्यासारखं नव्हतं.

भावजी दुकानात खुर्ची विणत होते. धाकटी मुंगीला घेऊन खाली आली, तशी त्यांनी मान वर केली आणि मुंगीकडे पाहून ओळखदेखीचं हसले, गिऱ्हाईकाच्या मुलाकडे पाहून हसतात तसे.

"बाबा, मी मावशीकडे जाते."

भावजींचे हात वेतावर थांबले. कपाळावर आठी पडली, काही आठवल्यासारखी. मग ती विरली.

"नीट जा, बाळ," ते म्हणाले.

धाकटीने मुंगीचा हात धरला आणि ती चालायला लागली. हात गार होता आणि त्याला वजन नव्हतं. ती दर पावलाला खाली बघत होती. शिंपीकाकांनी फळीआडून एकट्या धाकटीला हात केला. ती चालत राहिली.

पाटी आली.

पाटीपलीकडे डांबरावर पाऊल पडलं, आणि मुंगीचा हात जड झाला. उबदार झाला, घामेजला. मुंगीने मोठा श्वास घेतला आणि इतक्या वेळचं रडू एकदम बाहेर काढलं.

मागे गल्लीत, वर सज्ज्यात ताई उभी होती.

"अगं, जेवणार होतीस ना?" तिने हाक मारली. "आणि ही गोड पोर कुणाची?"

मुंगीने मावशीच्या पोटात तोंड खुपसलं. धाकटीला ताईचा भयंकर राग आला, आणि तिच्यासाठी रडूही आलं. तिने वर पाहिलं नाही.

धाकटीचं घर मोठ्या रस्त्याच्या कडेला, एका जुन्या दगडी इमारतीत होतं. तिथे मुंगी रुळली. आधी दाराच्या चौकटीवर चढली, मग कपाटावर. खडूंनी तिने बैठकीच्या भिंतीवर घोडा काढला, आणि धाकटी रागावली नाही. ताईला रोज फोन होई. ताई आनंदात होती. भावजींना खुर्च्यांचं मोठं काम मिळालं होतं. एकदा ती म्हणाली, "आपल्याकडे एखादं मूल असतं तर बरं झालं असतं गं." धाकटीने फोन बाजूला धरला आणि मुंगी आतल्या खोलीत आहे ना, हे पाहून घेतलं. काहीतरी मार्ग काढीन, असं ती मुंगीला रोज सांगायची. मुंगी मान डोलवायची.

मग एका संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मॅडम, तुमच्या गल्लीने कमाल केली. अशी अस्सल जपलेली वस्ती पाहिली नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. हद्द वाढवली आपण. थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. संदर्भवर्ष तेच. तुमची इमारतही आलीय त्यात, अभिनंदन."

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"दुपारीच सही झाली."

तिने फोन ठेवला. बैठकीतल्या भिंतीकडे नजर गेली. भिंत कोरी होती. तिथे काय असायला हवं होतं, ते तिच्या अगदी ओठावर आलं आणि राहिलं. दिवसभराचा शीण असेल, असं तिला वाटलं. भूकही लागली होती. ती स्वयंपाकघरात गेली, ताट घेतलं, वाढून घेतलं आणि जेवायला बसली.

दारात कुणीतरी दप्तर पोटाशी धरून उभं होतं.

"मावशी," ते पोर म्हणालं, "एकच ताट वाढलंस."