शीळ घातली आणि आभाळ उतरलं

रंगमंचावर गुडघे टेकून ती सांडलेल्या टाचण्या वेचत होती. नाट्यगृहाच्या कपडेखान्यात शिवणकामाला लागून तिला जेमतेम महिना झाला होता. दुपारची वेळ, समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या... तिने सहज शीळ घातली. लांब, लाडिक लकेर.

आणि वरून आभाळ खाली आलं!

खरंच आलं. ताऱ्यांनी भरलेला, रंगवलेला अख्खा पडदा सरसर उतरला आणि तिच्या डोक्यावर वीतभर अंतरावर थांबला. घाबरायचं सोडून ती आ वासून बघतच राहिली. इतके तारे, इतक्या जवळून!

"लागलं नाही ना?" वरच्या दोरांच्या गर्दीतून एक तरुण वाकला होता. पडदे वर-खाली करणारा दोरवाला.

"नाही... पण आभाळ छान आहे हं तुमचं!"

तो हसला. तेवढ्यात कपडेखान्याची मावशी धावत आली. "अगं, रंगमंचावर शीळ? केवढा अपशकुन! तू आल्यापासून बघतेय मी. नायिकेचा घसा बसला, छप्पर गळलं, आता हे!" मागोमाग आलेल्या मॅनेजरांनी तर निकालच लावला. आजचा प्रयोग झाला की उद्यापासून येऊ नकोस.

ती पुन्हा टाचण्या वेचू लागली. पांढऱ्या पायाची हे ऐकायची तिला सवय होती. याआधी ती ज्या दोन दुकानांत कामाला लागली, ती दोन्ही बंद पडली होती. मनातून तिलाही ते खरंच वाटायचं.

दोरवाला शिडी उतरून तिच्यापाशी आला. "अपशकुन कसला हो? आम्ही दोरवाले शिळेनेच खुणा करतो. भलत्याने शीळ घातली की भलतंच डोक्यावर यायचं, म्हणून लोक घाबरतात. चला वर, दाखवतो."

"नको."

"उंचीची भीती वाटते?"

"माझीच वाटते." ती एक पाऊल मागे सरली. "मी वर आले आणि दोर तुटला तर? तुम्हाला... तुम्हाला काही झालेलं मला नाही चालणार."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो एकदम मॅनेजरांकडे वळला.

"साहेब, हिची शीळ खुणेची नव्हतीच. खुणेची सरळ असते, ही झोके घेत होती. मला कळलं होतं ते. पण ऐकता ऐकता वाकून बघायला गेलो... आणि दोर हातून सुटला, कसाबसा आवरला. काढायचं तर मला काढा."

"अगंबाई!" मावशीने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे हे प्रकरण वेगळंच आहे!"

मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. "प्रयोगाच्या दिवशी दोरवाला काढू? चालते व्हा दोघंही माझ्यासमोरून! आणि उद्या वेळेवर या."

संध्याकाळी ती शिडी चढली. वर पोचली आणि कठड्याला धरून उभी राहिली. वादळाचं आभाळ, चांदण्याचं आभाळ, सगळी आभाळं तिथे अंधारात टांगलेली. आणि खाली गच्च भरलेलं नाट्यगृह.

शेवटच्या प्रवेशाची खूण आली. त्याने दोर तिच्या हातात दिला. "ओढा."

"मी? काही बिघडलं तर?"

"ओढा तर खरं..."

डोळे मिटून तिने ओढला. रात्र अलगद वर सरकली आणि तिच्यामागून केशरी पहाट उजाडली. काळोखात बसलेल्या त्या सगळ्या माणसांच्या तोंडून एकदम "अहाहा" निघालं. तिने डोळे उघडले.

"हे... मी केलं?"

"तू केलंस."

'तुम्ही' कधी गळून पडलं, त्याच्या लक्षातही आलं नाही. तिच्या मात्र आलं.

"जड आहे रे पहाट," ती हळूच म्हणाली. "तूही धर की."

त्यानेही दोर धरला.