कानशीची खूण

"ताई, माज्या अबरारला चोर म्हनत्यात. तुमी या," एवढं बोलून रहिमाबीनं फोन ठेवला.

वनमालाबाई बीडहून पहिल्या एसटीनं पाटोद्यात उतरल्या त्या तापूनच. जुने बिल्ले जमवण्याचा त्यांना नाद, आणि रहिमाबी त्यांची जुनी शेजारीण. बाजाराचा दिवस होता. विजयसिंहाच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात रहिमाबी आणि तिचा भाचा अबरार मान खाली घालून उभे होते. अबरार गॅरेज चालवायचा. चार दिवसांत त्याच्याकडे एक गाडी आली नव्हती.

भांडण एका पितळी बिल्ल्याचं होतं. दुसऱ्या महायुद्धात सुटे पैसे मिळेनासे झाले, तेव्हा इथल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मालकानं कामगारांना असे बिल्ले दिले. बिल्ला दाखवला की मालकाच्याच दुकानात गूळ-चहा मिळे. पुढं त्यानं ते परत घेऊन वितळवले, म्हणून उरलासुरला आता भाव खातो. रहिमाबीच्या बापानं एक जपला आणि लेकीच्या करदोड्यात बांधला. बापाची तेवढीच आठवण तिच्याकडे होती. त्याची खरी किंमत काय, एवढंच तिला विचारायचं होतं, म्हणून तिनं तो विजयसिंहाकडे तपासायला ठेवला होता.

विजयसिंहानं बिल्ला गल्ल्यावर आपटला. "नकली आहे, मॅडम. या पोरानं खरा विकला आणि मावशीच्या हाती हा दिला. भर बाजारात सांगितलं मी, आणि सांगणारच!"

"खाला, तुजी शपथ, म्या न्हाई," अबरार म्हणाला. रहिमाबीनं त्याच्याकडे बघितलं नाही. बाजारात कुजबुज झाली तेव्हा तिनंही त्याला दोनदा विचारलं होतं.

वनमालाबाईंच्या कपाळाची शीर उडाली. त्यांनी खिशातलं भिंग काढलं.

"कडेला ही खाच कुणी पाडली?"

"मी. कानशीनं. पितळ तपासायला."

"जुन्या बिल्ल्याला कानस लावता? लाज नाही वाटत?"

"धंद्याची रीत आहे आमची."

"कधी लावली?"

"यांनी आणून दिला तेव्हाच, यांच्यासमोर. हाच तो बिल्ला, ही माझीच खूण. आता काय म्हणायचंय?"

"त्याआधी खाच होती?"

"न्हाई," रहिमाबी म्हणाली. "काय बी नव्हतं. यानं घासलं तवा माजं काळीज चरकलं."

"आणि नंतर बिल्ला दुकानाबाहेर गेला?"

"छे! माझ्या तिजोरीत होता. किल्ली माझ्याकडेच," विजयसिंह छाती काढून म्हणाला.

"कानस द्या."

वनमालाबाईंनी बिल्ल्याच्या दुसऱ्या कडेला जोरात एकदा कानस ओढली. पिवळीधमक, रेघारेघांची खाच पडली. तिच्याशेजारी त्यांनी भिंग धरलं.

"बघ अबरार. तुझं रोजचं काम आहे हे. कानशीची खाच अशी असते. आणि यांची?"

अबरार वाकला. "आतून काळी हाय. रेघ एक बी न्हाई. बारीक फोड हायेत, वतीव कामात येत्यात तसे."

"कारण ती घासलेलीच नाही, ओतलेली आहे! साच्यातून निघालेली खाच आहे ही. म्हणजे साचा ज्या बिल्ल्यावरून काढला, त्याला खाच आधीच होती. आणि खाच पडली ती याच दुकानात, तुमच्या हातानं. त्यानंतर खरा बिल्ला तुमच्या तिजोरीत. मग साचा अबरारनं कसा काढला, विजयसिंह? खाचेसकट नक्कल करता आणि वर तीच खाच पुरावा म्हणून दाखवता! माणूस गरीब दिसला की त्याला चोर म्हणायला तुमची जीभ जराही अडखळत नाही. तिजोरी उघडता, की फौजदारांना बोलावू?"

विजयसिंहानं किल्ली लावून तिजोरी उघडली. कापडाच्या पुरचुंडीतून खरा बिल्ला निघाला. त्याच्या कडेची खाच अजून पिवळी होती.

विजयसिंहानं तो रहिमाबीपुढं धरला, पण तिनं हात पुढं केला नाही. ती अबरारकडे वळली. "म्या बी तुला इचारलं रे. माज्या तोंडाला आग लागो." तिनं त्याचा काळा, तेलकट हात घट्ट धरला.

मग ती विजयसिंहाकडे फिरली.

"बिल्ला नंतर दे. आदी पायरीवर चल. माज्या पोराला ज्या आवाजात चोर म्हनलास, त्याच आवाजात सांग चोर कोन हाय ते. बाजार उठायच्या आत."

विजयसिंह पायरीवर आला आणि पुटपुटला.

"आइकू न्हाई आलं," रहिमाबी ओरडली. "परत सांग."