चिकूच्या बारा चुका

माझ्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे चिकूनं, शततारका विद्यालयाच्या प्रवेशचाचणीत वीसपैकी बारा प्रश्न चुकवले. तुम्ही म्हणाल, त्यात कथा सांगण्यासारखं काय आहे? आहे. कारण ती जशी चुकली, तसं चुकणं चोवीस कोटींत एखाद्यालाच जमलं असतं! आणि हे कोडं मी सोडवलं. आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात माझं कौतुक वेळेवर कुणी करत नाही.

मी शाल्मली पतंगे, वय वर्षं बारा. आम्ही बार्शीचे. साल २०५८ असलं तरी आमच्याकडे अजून कापडावर हातानं छपाई होते. लाकडी ठसा रंगावर टेकवायचा, मग कापडावर ठेवायचा आणि वरून मुठीचा एक ठोका द्यायचा. यंत्रं मिनिटाला शंभर मीटर कापड छापतात, पण आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी कोरलेल्या कोयरीसाठी लोक सहा-सहा महिने थांबतात. चिकू आहे सहा वर्षांची. तिला चालता येण्याआधी ठसे ओळखता यायचे, असं आई म्हणते. आई थोडं वाढवून सांगते, पण थोडंच.

शततारकाच्या विशेष वर्गात दरवर्षी वीसच मुलं घेतात. त्या वर्गाला स्वतःची वेधशाळा आहे. चिकूला तिथल्या दुर्बिणीतून चंद्र बघायचा होता. त्याच्यावर नक्षी कुणी काढली, हा प्रश्न तिला दोन वर्षं छळत होता.

चाचणी घेतली पारखी नावाच्या यंत्रमानवानं. आठवड्यानं निकाल आला: आकलनांक चौऱ्याऐंशी. प्रवेशाला एकशेवीस हवा होता.

"यंत्राला काय कळतंय?" असं म्हणून अण्णा पुन्हा ठसा कोरायला बसले. त्या दिवशी त्यांनी चांगलं शिसवीचं लाकूड वाया घालवलं. चिकूनं मात्र माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ताई, मी ढ आहे का गं?"

मला रडूच आलं. आणि मग राग आला. रागाच्या भरात मी निकालपत्राची मागची बाजूसुद्धा वाचून काढली. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की पालकांना आठ दिवसांच्या आत उत्तरपत्रिका बघता येईल. 

"मला न्हाई यायचं," अण्णा म्हणाले. "आपल्याच पोरीचं उणंदुणं ऐकायला कशाला जायचं?"

"अण्णा, ठसा नीट उमटला नाही तर तुम्ही कापडाला दोष देता की ठसा उलटून बघता?" मी विचारलं. अण्णा उठले आणि त्यांनी चपला घातल्या.

शाळेत आम्हाला डॉ. वैजयंती किणीकर भेटल्या. पांढरे आखूड केस, पायात खेळाचे बूट. त्या मनोमापनतज्ज्ञ (माणूस कसा विचार करतो ते मोजण्याच्या पद्धती शोधणाऱ्या शास्त्रज्ञ) आहेत आणि ही चाचणी त्यांनीच तयार केली आहे. शेजारी पारखी उभा होता. माझ्या खांद्याएवढा उंच, आणि आवाज तर इतका गोड, की त्याच्यावर रागावणं अवघड जावं.

"चौऱ्याऐंशी म्हणजे शंभरपैकी ना? मग ते कमी कसे?" मी थेट विचारलं.

"शंभरपैकी नव्हे," किणीकर मॅडम हसल्या. "आम्ही आधी ही चाचणी सहा वर्षांच्या दोन हजार मुलांना दिली. त्याला मानकीकरण (मोजायची पट्टी आधी ठरवून घेणं) म्हणतात. त्या मुलांच्या सरासरीला आम्ही शंभर हे नाव दिलं. सरासरीपेक्षा जास्त जमलं तर आकडा शंभरच्या वर, कमी जमलं तर खाली. म्हणजे हा आकडा तुलना सांगतो. डोक्यात किती लिटर बुद्धी आहे ते सांगत नाही."

"त्या दोन हजारांत ठसे कोरणाऱ्यांची पोरं किती होती?" अण्णांनी खाली मान घालून विचारलं.

"एकही नाही," पारखी म्हणाला. मॅडमनी त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं.

मग पारखीनं भिंतीवर उत्तरपत्रिका उमटवली. प्रत्येक प्रश्नात एक नक्षी होती आणि तिच्यात एक चौकोन रिकामा. खाली पाच चौकोनी तुकडे. रिकाम्या जागी बसणारा तुकडा बोटानं दाखवायचा. चाचणीत मुलांसमोर मांडलेले खरे तुकडे आता पारखीच्या खणात होते. लाकडी, आणि त्यांच्यावरची नक्षी उंच उठलेली, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्या मुलांनाही हातानं कळावी.

सातव्या प्रश्नात कोयरीचं टोक उजवीकडे वळलेलं हवं होतं. चिकूनं डावीकडे वळलेला तुकडा दाखवला होता. त्यावर लाल फुली.

अण्णा पुढे झाले आणि अगदी सहज म्हणाले, "का हो? ठसा तर बरोबर घेतलाय की तिनं!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे अर्धं श्रेय अण्णांचं, मान्य आहे. उरलेलं माझं.

"मॅडम, तिनं तुकडा निवडलाच नाही. तिनं ठसा निवडला!" मी जवळजवळ ओरडलेच. "आमच्या घरी लाकडावर उठलेली नक्षी दिसली की ती पालथी घालून दाबायची असते. पालथी घातली की डावं उजवीकडे जातं. कापडावर टोक उजवीकडे हवं असेल तर ठशावर ते डावीकडेच कोरावं लागतं. बाकीच्या चुका बघा!"

पारखीनं बाराही चुका शेजारी शेजारी मांडल्या. बाराही ठिकाणी चिकूनं बरोबर उत्तराची आरशातली प्रतिमा निवडली होती.

"पाच तुकड्यांत एकच आरशातला असतो," पारखी हिशेब करू लागला. "डोळे मिटून निवडलं तर तोच मिळण्याची शक्यता पाचात एक. लागोपाठ दोनदा मिळण्याची पंचविसात एक. तीनदा, सव्वाशेत एक. बारा वेळा, चोवीस कोटी एक्केचाळीस लाख चाळीस हजार सहाशे पंचवीसांत एक."

"म्हणजे हे योगायोगानं झालेलं नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "शाल्मली, चुका दोन प्रकारच्या असतात. घड्याळ आज दोन मिनिटं पुढे, उद्या सात मिनिटं मागे, तर ती यादृच्छिक चूक (कशीही, कुठल्याही बाजूला होणारी). तसं घड्याळ बिघडलेलं. पण घड्याळ रोज बरोबर दहा मिनिटं पुढे असेल, तर ती पद्धतशीर चूक (दर वेळी एकाच बाजूला होणारी). ते घड्याळ उत्तम चालतंय, फक्त लावलंय वेगळं."

"मग द्या तिला प्रवेश!"

"थांब. अंदाज चांगला आहे, पण तो तपासायला हवा. तुझं म्हणणं खरं असेल, तर या उत्तरपत्रिकेत आणखी काय दिसायला हवं?"

मी विचार करकरून नखं कुरतडली. "काही नक्ष्या सममित असतात (मधून दुमडल्या तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळणाऱ्या). त्यांचा ठसा आणि छाप एकसारखाच दिसतो. म्हणजे तसे प्रश्न चिकूचे बरोबर आलेले असणार."

पारखीनं चिकूची आठ बरोबर उत्तरं समोर आणली. फूल, कमळ, चांदणी, समई... आठच्या आठ सममित! अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती जरा जोरातच लागली.

"आणि हे आम्हाला दिसलं नाही, कारण मी मुलांना तुकडा उचलू दिला नाही," मॅडम म्हणाल्या. "दर मुलामागे चार मिनिटं वाचावीत म्हणून 'नुसतं बोट दाखवा' हा नियम मीच केला. चूक चिकूची नाही, माझी आहे." एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ, पण हे त्यांनी आमच्या तोंडावर सांगितलं. त्या मला तेव्हापासून फार आवडतात.

दुसऱ्या दिवशी चिकूला समांतर चाचणी (तेवढीच अवघड, पण वेगळ्या प्रश्नांची) दिली. या वेळी तुकडे तिच्या हातात होते. तिनं पहिला तुकडा उचलला, पालथा घातला आणि वरून मुठीचा ठोका हाणला. पारखी दचकला.

"बाळ, इथे तुकडा तोंड वर करून ठेवायचा असतो," मॅडम म्हणाल्या.

"मग उमटणार कसा?"

"उमटवायचा नाही. नुसता बसवायचा."

"असं होय!" चिकू म्हणाली. "मग हे फारच सोपं आहे."

वीसपैकी एकोणीस बरोबर! आकलनांक एकशे एकतीस. चुकलेल्या एका प्रश्नाबद्दल मॅडमनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बरोबर तुकडा तो होता, पण हा जास्त छान दिसत होता." अण्णा इतके हसले, की त्यांना डोळे पुसावे लागले. आता ते हसूनच ओले झाले होते का, ते मी विचारलं नाही.

आता पारखी सगळ्या मुलांना तुकडा उचलू देतो. शिवाय तो गेल्या दहा वर्षांच्या उत्तरपत्रिका पुन्हा वाचतोय. बरोबर उत्तरं नव्हे, चुका. एकाच बाजूला चुकणारी एकेचाळीस मुलं त्याला आतापर्यंत सापडली आहेत आणि किणीकर मॅडम त्या प्रत्येकाच्या घरी जाणार आहेत, तुम्ही घरी काय काम करता ते विचारायला.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी वेधशाळेत पालकांना बोलावलं होतं. घुमटाखाली वीस मुलांनी दुर्बिणीतून अर्धा चंद्र पाहिला. या दुर्बिणीत प्रकाश वळवायला एक आरसा बसवलेला आहे, त्यामुळे चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, हे पारखीनं समजावून सांगितलं. मग तो म्हणाला, "आता आकाशात चंद्र खरा जसा आहे, तसा काढा."

एकोणीस मुलं कागद फिरवत बसली, डोकी तिरकी करू लागली. चिकूचं चित्र मिनिटाभरात तयार झालं. उजेड उजवीकडे, डाग जिथल्या तिथे. अण्णा ताठ मानेनं उभे होते, आणि मीही.

चिकूनं इकडे-तिकडे पाहिलं आणि शेजारच्या मुलाला अगदी कळवळून विचारलं, "तुझ्या घरी ठसे नाहीत का रे?"