हललेला फोटो

प्लास्टिकचा कॅमेरा! भिंगसुद्धा प्लास्टिकचं. नव्या पेठेत माझा स्टुडिओ आहे; फोटोत भलता उजेड शिरू नये, माणूस हलू नये, यातच माझी हयात गेली. आणि माझा भाचा ओजस हे खेळणं गळ्यात घालून गावभर फिरतो. कडेनं उजेडाचे पट्टे उमटले की खूश! “काय आलंय ते रोल धुतल्याशिवाय कळत नाही, आत्या, त्यातच तर मजा आहे.” मजा म्हणे. आम्ही त्याला नुकसान म्हणायचो.

पण अप्पा गेले तेव्हा माझं डोकंच फिरलं. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवतात आणि बसवूनच पुरतात. आंघोळ, कपाळाला विभूती, मान पडू नये म्हणून डोक्याला पट्टी बांधून मागं खुंटीला. मग घरचे भोवती बसतात आणि शेवटचा फोटो होतो. मला लेक म्हणून त्यात बसायचं होतं, म्हणून दुसरा फोटोग्राफर सांगितला. तो मेला आलाच नाही. गुरप्पाकाकांची पुरायला न्यायची घाई सुरू. मोबाईलवर फोटो नको, गावभर फिरतात, असं अव्वानं, माझ्या आईनं, आधीच बजावलेलं. माझा कॅमेरा स्टुडिओत राहिलेला; मग ओजसनं ते खेळणं बाहेर काढलं. माझ्या बापाचा शेवटचा फोटो, आणि खेळण्यावर!

बाळीवेशीतल्या आमच्या पडवीत उजेड कमी. माणसांच्या गर्दीमुळं त्यानं कॅमेरा एका बाजूला स्टुलावर ठेवला आणि तीन फोटो काढले. शटरची कळ भलत्याच खुणेवर सरकली होती, हे नंतर कळलं. बोट दाबलेलं असेल तोवर शटर उघडंच. या कॅमेऱ्यावाल्यांची ही नेहमीची चूक. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं.

रोल मीच धुतला. पहिल्या फोटोत मी, अव्वा, माझा भाऊ महेश्वर, सगळ्यांचे चेहरे पुसल्यासारखे. साहजिक आहे, जिवंत माणूस श्वास घेतो, हुंदके देतो. अप्पा तेवढे लख्ख. विभूतीची बोटं मोजून घ्यावीत.

दुसऱ्या फोटोत अप्पाही हलले होते.

कॅमेरा हलला म्हणावं, तर मागची भिंत आणि खुंटी जागच्या जागी. फक्त चेहरा कॅमेऱ्याच्या बाजूला ओढल्यासारखा. तिसऱ्यात पुन्हा सरळ, लख्ख.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. डॉक्टर आदल्या संध्याकाळी तपासून गेले होते. सकाळी विभूती मी स्वतः लावली, कपाळ थंडगार होतं. मग हे काय? जिवंत माणूस पुरला का आम्ही? तो डॉक्टर, ती काकांची घाई, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. ओजसला तर तोंडावर बोलले. तो बिचारा रडायला लागला.

तरी मी ऐकते थोडीच. त्याच जागी पाण्याचा हंडा ठेवून त्याच कॅमेऱ्यानं, तस्संच बोट दाबून, पुन्हा तीन फोटो काढायला लावले.

हंडा तिन्ही फोटोंत स्थिर.

शेवटी मी ते फोटो अव्वापुढं ठेवले. अप्पांना अगदी खेटून तीच बसली होती. विचारायला भीती वाटत होती, आणि न विचारता अन्न गोड लागत नव्हतं.

“अव्वा, अप्पा जिवंत होते का गं?”

तिनं दुसरा फोटो डोळ्यांजवळ नेला.

“न्हाय गं. गेलेच होते की.”

“मग हे?”

“मीच म्हटलं त्यास्नी. पोरगं फोटो काढतंय, जरा तिकडं बगा.”

मी नुसतं तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

“मग म्हटलं, बास. आता सरळ बसा, लोकं बगतील.”